उजव्या बाजूचं वाण

निमकरांच्या कारखान्यात यंदा काय गरजेपेक्षा जास्त बनलं, हे फरीदाबादच्या मराठी बायकांना ताळेबंद न वाचता कळत असे. संक्रांतीनंतरच्या रविवारी मीनाक्षीताईंकडे हळदीकुंकू व्हायचं, बायका वाण घेऊन घरी जायच्या, पिशवी उघडायच्या, की झालं. एका वर्षी पडद्याच्या कड्या निघाल्या. एका वर्षी डब्यांचे खटके, डब्यांशिवाय. ज्या वर्षी कूलरचे पाय निघाले त्या वर्षी प्रत्येकीला दोनच आले होते, आणि चार पुरे करण्यासाठी सेक्टर पंधरातल्या दोन जावांना आपसातला अबोला सोडावा लागला, असं मराठी मंडळात अजून सांगतात. मीनाक्षीताई ही गोष्ट स्वतःच्या पुण्याईत धरत.

यंदाचं वाण सकाळीच जाळीच्या पिशव्यांत बांधून दिवाणखान्यात टेबलाखाली रचून ठेवलं होतं. मीनाक्षीताईंच्या सुनेने, रेवतीने ते पाहिलं नव्हतं. ती काळ्या चंद्रकळेवर नवऱ्याचं जाड जॅकेट चढवून, धुक्यातून अंगण ओलांडून कारखान्यात गेली होती. घर आणि कारखाना यांच्यात एकच भिंत होती, त्यामुळे जाण्याची तशी गरज नव्हती. पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचा धप्प-धप्प आवाज घरातच ऐकू येत होता आणि तो चुकीचा आवाज होता. या घरात येऊन तिला इतकी वर्षं झाली होती, की साचा डावा आहे की उजवा हे तिला चहा गाळताना कळायचं.

तिचा नवरा चैतन्य प्रेसजवळ उभा होता. थोरल्या मुलाने उभं राहावं तसा, म्हणजे हात मागे बांधून, स्वतः काही न करता.

"हे काय चाललंय?" रेवतीने विचारलं.

"ब्रॅकेट."

"कुठला?"

चैतन्यने ट्रेमधला एक उचलला आणि जणू पहिल्यांदाच बघतोय असा फिरवून पाहिला. "उजवा दिसतोय."

"आणि बोर्डावर काय लिहिलंय?"

बोर्डाकडे दोघांनीही पाहिलं नाही. बोर्डावर रेवतीच्या अक्षरात लिहिलं होतं, की शनिवारी रात्री डावा साचा चढेल, रविवारी दिवसभर डावे निघतील आणि सोमवारी सकाळी गाडी जोड्यांनी भरून गुरुग्रामला जाईल. ते लिहिलं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी 'बिल्कुल' म्हटलं होतं. निमकरांच्या घरात 'बिल्कुल'चा अर्थ 'ऐकू आलं' एवढाच होता.

"अगं, बदलणारच होतो," चैतन्य म्हणाला. "रात्री प्रेस बंदही केली. पण पत्र्याची कॉइल चढलेली होती, म्हटलं ती संपू दे. तेवढ्यात बाबांचा फोन आला, आवाज का बंद झाला म्हणून. आता एवढ्या रात्री त्यांना काय समजावत बसायचं? चालू केली परत."

"उजवे होळीपर्यंत पुरतील इतके पडलेत, चैतन्य."

"मग चांगलंच आहे ना! सडतात थोडेच?" त्याने भिंतीवरच्या स्क्रीनकडे हनुवटी उडवली. "आणि तो आकडा बघ, यार. ब्याण्णव टक्के. मशीन महिनाभरात ब्याण्णव टक्के वेळ चालू. आजोबांच्या काळापासून असं कधी झालं नाही. साचा बदलायला अर्धी पाळी जाते. महिनाअखेरीच्या हिशेबात मी तो आकडा का पाडू?"

सगळं काम एका खटक्यामुळे अडत होतं. गुरुग्रामच्या फ्लॅटमध्ये जागा कमी आणि हौस जास्त, म्हणून लोक स्वयंपाकघरात भिंतीला दुमडून ठेवायचं टेबल बसवतात. त्याला खालून दोन ब्रॅकेट लागतात, आणि दुमडायचा खटका आतल्या बाजूला यावा लागतो. म्हणून एक डावा, एक उजवा. एकाच बाजूचे हजार असले तरी टेबल एकही उभं राहत नाही. ही गोष्ट रेवतीने घरात आकृती काढून समजावली होती, आणि सासूबाईंनी ती आकृती आवडली म्हणून फ्रीजवर लावली होती.

दिवाळीत, वरच्या मजल्याच्या वाटणीवरून जी रात्र गाजली, त्या रात्रीच्या शेवटी गुणवंतरावांनी कारखान्याचं नियोजन सुनेकडे दिलं होतं. रेवती आधी मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत हेच काम करायची. "तीन महिने घे," गुणवंतराव म्हणाले होते. "माल वेळेवर गेला तर तू सांगशील तसा कारखाना चालेल. नाही गेला तर पहिल्यासारखा माझ्या फोनवर." रेवतीने मनात वाक्य पुरं केलं होतं. कारखाना फोनवर गेला, तर ती मानेसरला जाणार आणि चैतन्यला घेऊन गुरुग्रामला भाड्याच्या घरात राहणार. तीन महिने संपत आले होते. शुक्रवारी किचन कंपनीच्या खरेदी विभागाकडून स्पष्ट कळलं होतं, की सोमवारच्या गाडीत जोड्या पुऱ्या नसतील तर सगळी ऑर्डर लुधियानाला जाईल. कारखान्याचं निम्म्याहून जास्त काम त्या एका ऑर्डरवर चालत होतं.

"बंद कर," ती म्हणाली.

"बाबांना विचार," चैतन्य म्हणाला. गेली तीस वर्षं या कारखान्यात प्रत्येक प्रश्नाचं हेच उत्तर होतं, आणि ते अजून कधी वेळेवर पोचलं नव्हतं.

घरात जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला तिळाचे लाडू वळले जात होते आणि दुसऱ्या टोकाला अनिशचा लॅपटॉप उघडा होता. धाकटा अनिश बंगळुरूच्या सल्लागार कंपनीतून 'घरच्या धंद्याला वेळ देण्यासाठी' परत आला होता. कंपनीनेही त्याला तेच सुचवलं होतं. आल्यापासून त्याने कारखान्याची सगळी माहिती स्क्रीनवर हिरव्या चौकोनांत मांडली होती.

"वहिनी, टेन्शन मत लो," तो म्हणाला. "माल वेळेवर जाण्याचा आकडा अठ्ठ्याण्णव आहे आपला."

"डावे बनलेच नाहीत, तर वेळेवर काय जाणार?"

"सोमवारची तारीख मी गुरुवार केली. गुरुवारी गाडी गेली की वेळेवर."

"तारीख त्यांनी दिलीय, अनिश."

"पण सिस्टीममध्ये आपण भरतो ना!" अनिशला हा फरक सांगावा लागतो याचंच वाईट वाटत होतं. "आणि त्यांना मी काल कळवलंय, पत्रा आला नाही म्हणून. मागून उशीर झाला की कुणाचा दोष नसतो."

"पत्रा आला नाही, मग उजवे कशाचे झाले?"

"ते त्यांना कुठे दिसणार आहेत?"

खिडकीजवळ हीटरपुढे पाय शेकत गुणवंतराव बसले होते. वय झालं तसे ते कारखान्यात जात नसत. कान लावून बसत. प्रेस चालू असली की त्यांना झोप लागे, थांबली की जाग येई, आणि जाग आली की हात फोनकडे जाई. याच आठवड्यात ते मंडळाच्या बसने पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जाऊन आले होते. दर संक्रांतीला जायचे. आल्यावर आठवडाभर घरात पानिपत चाले.

"बाबा," रेवती त्यांच्याजवळ जाऊन बसली, "साचा आत्ता बदलला तर संध्याकाळपासून डावे निघतील. सकाळची गाडी निम्म्याहून जास्त जोड्यांनी भरेल. निम्मी गेली तरी मी त्यांच्याशी बोलू शकते. काहीच नाही गेलं, तर बोलायला तोंड नाही."

गुणवंतरावांनी मान हलवली आणि मोठ्याने हाक मारली, "चैतन्य! साचा का नाही बदलला?"

चैतन्य दारातच होता. "तुम्हीच फोन केलात ना रात्री."

"मी फक्त विचारलं, आवाज का बंद झाला. चालू करा असं म्हटलं का?"

"बाबा, तुम्ही विचारलं की आम्ही चालू करतो. लहानपणापासून हेच शिकलोय."

"दादा बरोबर बोलतोय," अनिश म्हणाला, आणि बाबांनी त्याच्याकडे पाहताच पुढे म्हणाला, "म्हणजे, बाबांचंही बरोबर आहे. माझं म्हणणं, दोघांमध्ये कम्युनिकेशन कमी पडलं."

"आणि तुझे ते हिरवे चौकोन?" चैतन्य त्याच्यावर उलटला. "मशीन थांबली की लाल होतो, आणि तो लाल तू सगळ्या ग्रुपवर पाठवतोस. मागच्या महिन्यात मामांनी मला विचारलं, लाल का रे झालास?"

"मामांना चौकोनातलं काय कळतं!"

"मग पाठवतोस कशाला?"

मीनाक्षीताईंनी लाडवाचं ताट आपटलं. "चार वाजता बायका येतील. तोपर्यंत सगळ्यांनी गोड बोला."

अनिशने स्क्रीनकडे तोंड वळवलं. भिंतीपलीकडे उजवे ब्रॅकेट पडत राहिले.

"ठीक आहे," गुणवंतराव शेवटी म्हणाले. "बदला साचा. पण बायका गेल्यावर."

"बाबा, तीन-चार तास जातील!"

"रेवती, घरात हळदीकुंकू आणि शेजारी कारखाना बंद? चाळीस बायका चाळीस घरी जाऊन काय सांगतील? निमकर बसले. आवाज राहू दे. लक्ष्मीचा आवाज असतो तो."

रेवतीने चैतन्यकडे पाहिलं. तो लाडू खात होता. तोंडात लाडू असताना कुणी बोलत नाही, हा या घरातल्या पुरुषांचा जुना शिष्टाचार होता.

साडेतीनला गुलाबदाणी भरताना मीनाक्षीताईंनी आपला हुकमाचा पत्ता उघडला. "आज एक नवीन येणार आहेत हं. गुरुग्रामहून. अलकनंदा प्रधान."

रेवतीच्या हातातली अत्तराची कुपी थांबली. तीन महिने ती रोज त्या नावाला मेल लिहीत होती.

"त्या किचन कंपनीच्या? आई, तुम्ही त्यांना बोलावलंत?"

"मंडळाच्या ग्रुपवर नाव दिसलं. म्हटलं, आपल्याच की. माणूस घरी येऊन, लाडू खाऊन गेला की ऑर्डर लुधियानाला जात नसते. माणसं जोडावी लागतात बाई, नुसत्या बोर्डावर लिहून काय होतं?" मग आवाज खाली आणून, "तुझ्यासाठीच बोलावलं. ते मानेसर-बिनेसर मला नको आहे."

हे खरं होतं, हे रेवतीलाही ठाऊक होतं. तिने खाली वाकून टेबलाखालची एक पिशवी ओढली. जाळी, लाल फीत, तिळगुळाची पुडी, हळदीकुंकवाच्या पुड्या, आणि मधोमध, नवा कोरा, चकचकीत पॉलिश केलेला, एक ब्रॅकेट. तिने अंगठा आतून फिरवला. उजवा. दुसरी पिशवी. उजवा.

"चैतन्य म्हणाला, ढीग पडलाय, हवे तेवढे न्या," मीनाक्षीताई म्हणाल्या. "टॉवेल अडकवायला किती छान."

अनिश कुणी न बोलावता उठून आला होता. पिशवीत पाहून त्याने त्या दिवशी पहिल्यांदा लॅपटॉप मिटला.

"आई, त्या मॅडमना हे देऊ नकोस. प्लीज. स्टीलची वाटी दे."

"वाण एकच असतं. एकीला वेगळं दिलं तर बाकीच्या पुढच्या संक्रांतीपर्यंत बोलतील."

"मग कुणालाच देऊ नकोस!"

"हळदीकुंकवाला बोलवायचं आणि रिकाम्या हाती पाठवायचं? शुद्धीवर आहेस ना?"

"पण पत्रा आला नाही असं लिहिलंय मी!" अनिशने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "अच्छा, मग असं करू. हा रिजेक्ट माल आहे म्हणून सांगू. जुना. वाकलेला."

मीनाक्षीताई त्याच्याकडे बघत राहिल्या. "माझ्या घरचं वाण रिजेक्ट?"

"तिला काय कळणार आहे डावा-उजवा," चैतन्य मध्ये पडला. "बाईमाणूस."

रेवती आणि मीनाक्षीताई दोघींनी एकदम त्याच्याकडे पाहिलं. गेल्या कित्येक महिन्यांत सासू-सुनेचं असं एकमत झालं नव्हतं.

बायका आल्या. दिल्लीच्या थंडीत संक्रांतीच्या काळ्या साड्यांवर करडे कार्डिगन आणि पायांत मोजे, त्यामुळे हौसेचा काठ तेवढा खालून दिसे. दिवाणखान्यात गजबज झाली. कुणी हलव्याचे दागिने बघितले, कुणी नोएडाहून यायला किती वेळ लागला ते सांगितलं, आणि भिंतीपलीकडून येणाऱ्या धप्प-धप्पवर मान डोलावून एक म्हातारी म्हणाली, "जोरात चाललंय हो मीनाक्षीताई तुमचं, देवाच्या दयेने." मीनाक्षीताईंनी हात जोडून तो आवाज स्वतःच्या नावावर घेतला.

अलकनंदा शेवटी आली. पन्नाशीची, आखूड केसांची, काळ्या साडीखाली चालायचे बूट. फोनवर तिचा आवाज हिंदी आणि कोरडा असे. इथे ती मराठीत बोलली आणि तरी तो कोरडाच राहिला.

"तुम्ही रेवती? मेलमध्ये तुम्ही जास्त उंच वाटता," ती म्हणाली, आणि खुर्चीवर बसून आधी भिंतीकडे कान दिला.

गुणवंतरावांना नवीन श्रोता मिळाला होता. बायकांच्या समारंभात पुरुषाने बसू नये हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते दारात खुर्ची टाकून बसले होते.

"परवाच काला अंबला जाऊन आलो," त्यांनी सुरुवात केली. "लोक म्हणतात आपण लढाई हरलो. तलवारीने नाही हरलो आपण. रसद! अन्न पोचलं नाही, घोडे उपाशी. वेळेवर रसद पोचली असती तर आज इतिहास वेगळा असता."

"अच्छा," अलकनंदा म्हणाली. "आणि पाठवणारे काय म्हणत होते, काका?"

"म्हणणार काय! निघाली, वाटेवर आहे, पोचेलच."

"मला हे दर शुक्रवारी मेलवर येतं."

जवळच्या बायका हसल्या, कारण विनोद झाला आहे एवढं त्यांना कळलं. गुणवंतराव हसले नाहीत. ते हळूच सुनेकडे बघू लागले.

वाण लुटायची वेळ झाली. मीनाक्षीताई हळदीकुंकू लावत होत्या, रेवती मागून पिशव्या देत होती. अलकनंदाजवळ पोचेपर्यंत अनिश दारात उभा राहून डोळ्यांनी नाही-नाही करत होता. रेवतीला वाटलं, अजूनही होऊ शकतं. पिशव्या संपल्या म्हणावं, घरी पाठवते म्हणावं. मग सोमवारी गाडी रिकामी, पत्रा आला नाही, गुरुवारी हिरवा चौकोन, आणि मग लुधियाना. आणि या सगळ्याला नियोजन म्हणायचं, तिच्या नावाचं.

तिने कुंकवाचा करंडा सासूबाईंच्या हातून घेतला. अलकनंदाला स्वतः कुंकू लावलं आणि पिशवी तिच्या दोन्ही हातांत ठेवली.

अलकनंदाने जाळी तिथेच सोडली. ब्रॅकेट हातात घेऊन अंगठा आतून फिरवला, जसा रेवतीने फिरवला होता.

"उजवा," ती म्हणाली.

"टॉवेलला छान आहे, नाही का?" शेजारची म्हणाली.

"तुमचाही बघू." अलकनंदाने तिचा घेतला. मग पलीकडचीचा. "उजवा. उजवा. सगळ्यांचे उजवे?"

"यात उजवं-डावं असतं होय?" कुणी तरी विचारलं, आणि अलकनंदा ज्या शांतपणे मीटिंगमध्ये समजावत असेल त्याच शांतपणे तिने समजावलं. दुमडणारं टेबल, आतला खटका, दोन बाजू. काल्याच्या लाह्या वाटाव्यात तसे ब्रॅकेट या हातातून त्या हातात फिरू लागले. कुणाला भिंतीवर टेबल दिसलं, कुणाला मुलीच्या अभ्यासाची फळी.

"म्हणजे टेबलच होतं की हो याचं!" सेक्टर पंधरातली थोरली जाऊ म्हणाली. "मीनाक्षीताई, मग डावा कधी देणार?"

"पुढच्या वर्षी असेल," धाकटी म्हणाली. "कूलरचे चार पाय जमवायला आपल्यालाही दोन वर्षं लागली होती."

"नाही हो, एवढं थांबायचं? मी आजच सुतार सांगते."

"डावा तर पाहिजेच बाई. एकाला काय करायचं?"

चाळीस बायका डावा मागत होत्या. मीनाक्षीताई सगळ्यांना 'हो हो, बिल्कुल' म्हणत होत्या.

अलकनंदा उठून रेवतीजवळ आली. "पत्रा आला नाही, असं लिहिलं होतं."

अनिशचं नाव जिभेवर आलं होतं. रेवतीने ते गिळलं. "आला होता. सगळा उजव्यात गेला."

"का?"

"मशीन थांबू नये म्हणून."

अलकनंदाने हातातला ब्रॅकेट एकदा उलटा करून पाहिला. मग तिने चेहरा न बदलता सांगितलं, "आमच्या गोदामात टेबलाच्या फळ्या छताला लागल्यात. ब्रॅकेट नसलेल्या. असेंब्ली थांबली तर आमच्या साहेबांचा आकडा पडतो." तिने हातातला ब्रॅकेट पिशवीत परत ठेवला. "उद्या सकाळी काय देऊ शकाल? खरं सांगा."

"साचा आत्ता बदलला तर निम्मी गाडी. बाकीची बुधवारी."

"आत्ता म्हणजे?"

रेवतीने दाराकडे पाहिलं. दारात सासरे होते, सासऱ्यांमागे दीर, दिरामागे नवरा, आणि कुणाच्याही तोंडात लाडू नव्हता. कुणीतरी काही तरी म्हणेल म्हणून ती क्षणभर थांबली. मग त्यांच्यातून वाट काढत, चंद्रकळेचा पदर खोचून, अंगण ओलांडून गेली.

आवाज थांबला.

चाळीस बायकांच्या माना वर झाल्या. इतका वेळ त्या आवाजावर आवाज चढवून बोलत होत्या, त्यामुळे अर्धी वाक्यं एकदम मोठ्याने उघडी पडली. "काय झालं?" "लाइट गेली का?" "लाइट तर आहे."

गुणवंतरावांचा हात खिशातल्या फोनवर गेला होता. सगळ्या बायका त्यांच्याकडेच बघत होत्या. अलकनंदाही.

"लाइट नाही गेली," ते म्हणाले. घरात सुतक आलंय हे सांगावं तसा आवाज होता. "साचा बदलतायत. डावा चढवतायत."

"अय्या, आमच्यासाठी?" सेक्टर पंधरातली थोरली म्हणाली.

गुणवंतरावांनी फोन बाहेर काढला, आणि मांडीवर पालथा ठेवला.

सोमवारी निम्मी गाडी गेली. बाकीची बुधवारी गेली. अलकनंदाने निम्मी ऑर्डर तरीही लुधियानाला दिली, होळीपर्यंत. खोटं लिहिल्याचा हिशेब ती असा करत असे. होळीनंतर तीही ऑर्डर परत आली, कारण लुधियानाचा कारखाना सगळे डावे पाठवत होता. कारखान्यात आठवड्यातून दोनदा साचा बदलू लागला. मशीन चालू राहण्याचा आकडा सत्तरच्या आसपास येऊन बसला आणि चैतन्य कित्येक दिवस भिंतीकडे न बघता जेवला. माल खरोखर वेळेवर जाऊ लागला. अनिशचे चौकोन मात्र लाल झाले, म्हणून त्याने लालऐवजी केशरी रंग निवडला. तीन महिन्यांबद्दल गुणवंतराव पुन्हा बोलले नाहीत, आणि निमकरांच्या घरात न बोलणं म्हणजे मान्य.

पुढच्या संक्रांतीला मीनाक्षीताई टॉर्च घेऊन गोदामात गेल्या. कोपरे पाहिले, फळ्यांखाली पाहिलं. जास्तीचं काही म्हणजे काहीच नव्हतं. जे बनलं होतं ते गेलं होतं. शेवटी पहाडगंजच्या ठोक बाजारातून स्टीलच्या वाट्या आणाव्या लागल्या.

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी पिशव्या घरोघरी उघडल्या गेल्या. "वाटी? विकतची?" सेक्टर पंधरातली थोरली धाकटीला म्हणाली. "आणि ऐकलंस ना, शेवटचा तासभर प्रेस बंदच होती." दिवेलागणीपर्यंत मंडळात सगळ्यांना कळलं होतं, की निमकर बसले. तीन घरांतून मीनाक्षीताईंना 'काही लागलं तर सांगा' असे फोन आले. अनिशसाठी बघितलेल्या मुलीच्या आईने पत्रिका पुन्हा एकदा बघून घेते म्हणून कळवलं.

रात्रीच्या जेवणाची ताटं घेताना रेवतीचा फोन वाजला. सेक्टर पंधरातल्या धाकट्या जावेने मोठ्या आपुलकीने मानेसरच्या एका कंपनीची जाहिरात पाठवली होती. उत्पादन नियोजनासाठी माणूस पाहिजे. खाली लिहिलं होतं, 'तुझ्या कामाचं आहे. संकोच करू नकोस.'

रेवतीने आभार मानले. भिंतीपलीकडे तेव्हा सगळं शांत होतं. उजवा साचा उतरत होता. हीटरजवळ गुणवंतरावांनी फोन हातात घेतला, सुनेकडे पाहून ठेवला, आणि ती पोळ्या आणायला वळल्यावर पुन्हा घेतला.